वच्छलाबाईंच्या आतला त्रेपन्नावा दरवाजा

मी एक दरवाजा बोलतोय. आमच्या शहरात बावन्न दरवाजे म्हणतात, त्यात मला कुणी मोजलेलं नाही. मोजणार कसं? मी गारखेड्याच्या वच्छलाबाईंच्या मूत्रपिंडात, एका पेशीच्या भिंतीत राहतो. माझ्यातून फक्त पोटॅशियम जातो, तोही अंगाभोवतीचं पाण्याचं पांघरूण उंबऱ्यावर उतरवून. सोडियम अंगानं बारीक, पण त्याला ते उतरवणं जमत नाही, म्हणून त्याला प्रवेश नाही. एवढा मी कडक!

रक्तात पोटॅशियम वाढला की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतून हुकूम सुटतो. मग पेशीच्या पोटात दडलेले माझे भाऊबंदही धावत भिंतीला लागतात आणि जादा माल आम्ही लघवीत सोडतो. बाई केळं खातात, आम्ही खिदळत कामाला लागतो.

गेल्या महिन्यात बाईंना बीपीची नवी गोळी मिळाली. गोळी गुणाची, पण ती आमचा हुकूमच अडवते. आठवड्यानं रक्त तपासा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

पण आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली रीत. बीपी वाढल्याचं ऐकून शेजारची सगीरा शहाळं घेऊन आली. मग बजाजनगरची नणंद, मग लासूर स्टेशनचे व्याही. चार दिवसांत अकरा शहाळी, सगळी पोटॅशियमनं भरलेली! त्यात सून मंजुषानं काळजीपोटी कमी सोडियमचं मीठ आणलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतो, हे पुड्यावर बारीक अक्षरात होतं.

आत नुसती जत्रा! दारात ही गर्दी आणि हुकुमाचा पत्ता नाही. मला हसू आवरेना. घाबरलो की मला हसूच येतं. मग काळजाचा एक ठोका अडखळला आणि माझं हसू पार पळालं.

पाचव्या दिवशी बाईंच्या पायांतलं त्राण गेलं. मंजुषानं त्यांना तडक दवाखान्यात नेलं.

"काय खाता-पिता, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय नाय बाई, नुसतं शहाळ्याचं पाणी."

किती, म्हटल्यावर बाई मोजू लागल्या. दोन्ही हातांची बोटं संपली.

इंजेक्शनं झाली, गोळी बदलली, मीठ गेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर माझं चित्र काढून बाईंना सगळं समजावलं. दोन दिवसांनी हुकूम आला आणि आम्ही भिंतीला लागलो. काय ती धमाल!

काल सगीरा पुन्हा शहाळं घेऊन आली. बाईंनी ते तिच्याच हातात दिलं.

"तूच पी गं. माझ्या दरवाज्यावर लई गर्दी व्हती."

माझ्या दरवाज्यावर, म्हणाल्या! तेव्हा आजाऱ्याकडे जरूर जा, गप्पा भरभरून न्या, शहाळं मात्र विचारून न्या. आम्ही दरवाजे फार दिवस टिकत नाही, माझी जागा उद्या दुसरा घेईल. मला त्याचं काही नाही. मी मोजला गेलोय.