महाग आणलंत

भिकाजीकाकांनी बोटीवर खलाशी म्हणून उभा जन्म काढला, पण बाजारात त्यांची बोट हमखास बुडायची. हे मत त्यांच्या बायकोचं, यमुनाकाकूंचं. आम्ही भिंतीला भिंत लावून राहणारे, त्यामुळे इच्छा असो नसो, सगळं ऐकू यायचं. काकांनी पिशवी खाली ठेवली की आतून पहिला प्रश्न यायचा, "केवढ्याला?" आकडा सांगितला की लगेच निकाल, "महाग आणलंत. फसवलान तुम्हाला."

बांगडे महाग, कोथिंबीर महाग, छत्री तर अव्वाच्या सव्वा. स्वस्त तेवढंच, जे काकू स्वतः आणत. मिरकरवाड्याच्या कोळणी हिला बघून आधीच भाव उतरवतात, असं काका तक्रारीच्या सुरात सांगायचे, पण त्यात अभिमानच जास्त असायचा. शेवटी बिचारे खोटं बोलायला शिकले. तीनशेचा सरंगा दोनशेला सांगायचे, तरी महाग. एकदा दीडशेला सांगून बसले, तर काकूंनी 'महागच, पण आमच्या धाकट्या बहिणीला, सगुणाला आणखी एक आणा' म्हणून परत पिटाळलं. वरचे पैसे काकांनी गुपचूप घातले. मरायच्या आधी एकदा हिच्या तोंडून 'स्वस्त' ऐकायचंय, असं मला हसत हसत म्हणाले होते.

गेल्या श्रावणात काकू गेल्या. सकाळी चहा ठेवता ठेवता ओट्यापाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. सवाष्ण गेली, तिला नवी हिरवी साडी नेसवायला हवी. ती आणायला काका स्वतः निघाले, कोणाचं ऐकेनात, म्हणून मी बरोबर गेलो.

मयताच्या सामानाला आमच्याकडे घासाघीस करत नाहीत. दुकानदार सांगेल ते द्यायचं आणि मुकाट्याने निघायचं. घरीसुद्धा किंमत कोणी विचारत नाही. काकांना हे ठाऊक नव्हतं थोडंच. दुकानदाराने साडी काढली, आठशे म्हणाला. काका बोटांनी काठ चाचपत राहिले.

"कायतरी कमी करा," ते म्हणाले, "ही परत पाठवील मला."

दुकानदाराला सगळं कळलं होतं. त्याने मान खाली घालून सहाशे घेतले.

घरी बायका वाटच बघत होत्या. त्यांनी साडी घेतली, घडी मोडली, आपल्या कामाला लागल्या. काका रिकामी पिशवी घेऊन दारातच उभे राहिले.

"केवढ्याला आणली, विचारा की कुणीतरी."

शेवटी काकूंची धाकटी बहीण, सगुणामावशी, पुढे आली. रीत गेली चुलीत, असं तिला वाटलं असावं, आणि बरोबरच वाटलं.

"केवढ्याला आणलीत, भावोजी?"

"सहाशे," काका म्हणाले. या खेपेला आकडा खरा होता.

मावशीने पदराने डोळे टिपले. तिला या माणसाचं मन राखायचं होतं. मग हळूच म्हणाली, "स्वस्त आणलीत हो."

सकाळपासून काकांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता ते उंबऱ्यावरच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"असं नको गो म्हणू," मावशीचा हात धरून ते पुन्हा पुन्हा सांगत होते. "महाग म्हण. सगुणा, तू तरी महाग म्हण."