रुक्मिणीच्या मागावरचा हवालदार

प्लेगच्या साली हिलाल गेला, तेव्हा त्याची धाकटी बहीण वर्षा रडली नाही. देह घरी आणताच आला नव्हता. सुरतेतली मराठी वस्ती, अर्धं लिंबायत, गाठोडी बांधून खानदेशात गेलं, तशी तीही आईला घेऊन गावी गेली आणि लोक परतू लागले तशी परतली. स्वयंपाक करायची, शिकवण्या घ्यायची. आत काही हलत नव्हतं.

हिलालने कॉलेजच्या हॉस्टेलवरून एका इंग्रजी खेळाची झेरॉक्स आणली होती. त्यात एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतले रक्तपिपासू व्हायचं. कुणाची भूक आवरेल आणि कुणाची नाही, ते फाशांवर ठरायचं. रविवारी दुपारी गच्चीवर हिलाल, वर्षा आणि हिलालचा मित्र मगन खेळत बसायची. वर्षा व्हायची रुक्मिणी, पलसाण्याच्या रंगाई कारखान्याची कधीच न मरणारी मालकीण. मगन तिचा वैरी. गोष्ट सांगायचा हिलाल, म्हणून बाकी सगळे तोच: चहावाला, कारखान्यातली म्हातारी, रुक्मिणीच्या मागावरचा हवालदार.

हिलाल गेल्यावर मगन म्हणाला, "या खेळाची कादंबरी लिही." दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून वर्षाने लिहिली.

आईला, सुभद्राबाईला, वाचता येत नव्हतं. एका संध्याकाळी शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "वाच बरं." वर्षा सपाट आवाजात वाचू लागली. रुक्मिणीने एका मुकादमाचं रक्त प्यायलं तरी आई शेंगाच सोलत होती. मग हवालदार आला.

"बाई, तुम्ही रक्त प्या नाहीतर सरबत, पण आधी पत्ता नीट सांगा. या गल्ल्यांनी माझा जीव घेतलाय."

आईचे हात थांबले. "हाऊ ते मना हिलाल बोली ऱ्हायना," ती म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली.

वर्षा बघत राहिली. लिहिताना हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. हिलालला स्वतःचं असं पात्रच नव्हतं. सगळ्यांच्या तोंडून तोच बोलायचा. आईला रडता येतंय, याचा तिला किंचित हेवा वाटला, एवढंच.

जळगावच्या भगवानराव प्रकाशकांना कादंबरी आवडली, पण जाड वाटली. "हवालदार, चहावाला काढून टाका. व्हॅम्पायरच्या गोष्टीत त्यांचं काय काम?"

"त्यांना हात लावू नका. रुक्मिणीची प्रकरणं काढा."

"अहो, ती नायिका आहे!"

"तिचं काही अडणार नाही."

रुक्मिणीचं बालपण गेलं, लग्न गेलं, नवऱ्याच्या चितेपाशी ती रात्रभर बसते ते प्रकरणही गेलं. पुस्तक निघालं, एसटी स्टँडवर बऱ्यापैकी खपलं. मगनने एका दमात वाचलं आणि येऊन म्हणाला, "वर्षा, तुझी रुक्मिणी दगडासारखी वाटते गं."

"हो," वर्षा म्हणाली. "जेवून जा. भाकरी टाकतेच आहे."

तो जेवायला बसला. आई त्याला आग्रह करकरून वाढत होती.