कमळाबाईचं स्टूल

देवराम सकाळी कामावर आला तर कमळाबाईच्या स्टुलाला लाल चिठ्ठी लागलेली.

सातपूरच्या त्या कारखान्यात पोळपाट आणि लाटणी बनतात. देवराम करवतीवर होता आणि त्याची बायको कमळाबाई घासकामाच्या टेबलावर. ती पावसाळ्यात वारली. तिचे गुडघे दुखायचे म्हणून त्यानेच उरलेल्या तुकड्यांतून ते स्टूल करून दिलं होतं.

हल्ली कारखान्यात नवी शिस्त आली होती. काही वाया घालवायचं नाही आणि बिनवापराचं काही ठेवायचं नाही. पडून राहिलेल्या लाकडी वस्तूला लाल चिठ्ठी लावायची. शनिवारपर्यंत तिचा वापर झाला नाही, तर भुशाबरोबर तीही दळायची आणि दाबून जळणाच्या कांड्या करायच्या.

"मयूर, ही चिठ्ठी कोणी लावली?"

"मीच, काका," सुपरवायझर मयूर म्हणाला. "कोणी बसतच नाही त्याच्यावर. घरी नेता का? गेटपास देतो."

घरी नेऊन काय करायचं, हे देवरामला कळेना. घरी कमळाबाई कायम खालीच बसायची.

"इथंच राहू दिलं तर?"

"कोण बसणार?"

"कोणी नाही. नुसतं राहू द्यायचं."

"कशासाठी, काका?"

देवराम करवतीकडे वळला. वाया घालवू नका म्हणतात आणि चांगलं स्टूल दळायला काढतात. पण मयूरचंही काही चुकत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने घासकामाच्या टेबलावरच्या सविताला विचारलं, "तुम्ही बायका त्या स्टुलावर का बसत नाही?"

"भाऊ, काय बोलता? कमळाताईच्या स्टुलावर?" सविता डबा बंद करता करता थांबली. "रोज पुसून ठेवतो आम्ही. आणि तुम्ही करवतीवरून सारखे तिकडंच बघता. तुमच्या डोळ्यांदेखत कोण बसेल?"

कमळाबाईच्या जागी हरसूलकडची गोजराबाई लागली होती. ती दिवसभर उभ्यानेच घासायची. ती म्हणाली, "मला वाटलं, देवाचं काय तरी हाय. रोज पुसत्यात, बसत कोणी नाय. मी तं हातबी लावला नाय."

बायका हसल्या. देवरामही हसला. त्याच्यासाठी म्हणून त्यांनी स्टूल रिकामं ठेवलं आणि रिकामं राहिलं म्हणूनच ते आता जाणार होतं. कोणी बसलं तर वाचेल. पण मग ते कमळाबाईचं राहील का?

"पाय दुखत नाहीत तुमचे?" त्याने गोजराबाईला विचारलं.

"दुखत्यात की. लय दुखत्यात."

त्याने चिठ्ठी काढली आणि स्टूल तिच्यापुढे ठेवलं. "बसा."

गोजराबाईने सविताकडे बघितलं, मग पदर सावरून हळूच बसली. कमळाबाई उंच होती. हिचे पाय जमिनीला टेकेनात.

"भाऊ, जरा कमी करून देता का? लोंबकळत्यात पाय."

देवरामने आधी तिच्या पायांकडे बघितलं, मग स्टूल उचलून करवतीवर नेलं. तिथे वितीने माप धरून त्याने स्टुलाचे चारही पाय थोडे थोडे कापले.

गोजराबाई परत बसली. "आता बरं झालं," म्हणाली, आणि लाटणं घासायला लागली.

करवतीपाशी पायांचे चार तुकडे पडले होते.

"हे कांड्यांच्या पेटीत टाकू ना, काका?" मयूरने विचारलं.

"नको."

"मग कुठे ठेवायचे?"

देवरामने तुकडे हातात घेतले. कुठे ठेवायचे ते त्याला सांगता येईना.