निर्वात नळीतलं कुंकू

नाव हरिश्चंद्र, आणि पोटात चव्वेचाळीस वर्षांचं खोटं! आता खोटं म्हणजे तोंडाने बोललेलं नव्हे, न बोललेलं. पण तेही पचत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

सकाळी वटार गावातल्या आपल्या वाडीत ते केळीला पाणी सोडत होते, तेवढ्यात ज्ञानदा आली. राहायला जवळच्याच एव्हरशाईन सिटी वसाहतीत आणि नोकरीला मुंबईतल्या त्याच प्रयोगशाळेत, जिथे हरिश्चंद्रांनी लेथ यंत्रावर टर्नर म्हणून बत्तीस वर्षं काढली. अणूहूनही बारीक कणांना विजेच्या जोरावर पळवणारं यंत्र तिथे आहे. ज्ञानदा त्या प्रयोगशाळेचा इतिहास लिहीत होती आणि जुन्या माणसांना गाठून बोलतं करत होती.

म्हातारा खुलला. एकदा सुरू झाला की थांबतो कसला! "अगं, सुरुवातीला होतं काय? पत्र्याची शेड. बाहेर म्हशी चरायच्या. आत आम्ही चुंबकांवर तांब्याची तार हाताने गुंडाळायचो, एकेकाला महिना लागायचा. बाहेरून मागवायची सोय नव्हती, लागेल ते इथेच घडवायचं. केळी लावणाऱ्याच्या पोराने केसाच्या दहाव्या हिश्शाचं माप सांभाळलं, या हातांनी!"

"आणि ती नळी?" ज्ञानदाने विचारलं.

म्हाताऱ्याचा आवाज जरा खाली आला. "नळी म्हणजे कणांचा रस्ता. तिच्यातली हवा पंपाने उपसून काढायची. इतकी, की धावत्या कणाला वाटेत कुणी आडवं येता कामा नये. उघड्या बोटाचा ठसा उमटला तरी सत्यानाश! त्या ठशाचा तेलकटपणा आत वाफ होऊन पसरतो. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय जवळ जायचं नाही. पोटच्या पोरांना जपलं नसेल तेवढं तिला जपलं."

"मग एक्याऐंशी साली दोन महिने तिच्यातली हवा निघेना, ते का?" ज्ञानदाने पिशवीतून पिवळा पडलेला कागद काढला. "नोंदीत वेल्डिंगचा दोष लिहिलाय. वेल्डर ऑगस्टीन. त्यांचा सांधा कापून दुसऱ्याकडून जोडून घेतला आणि काम झालं. सोमवारी पुस्तक छापायला जातंय, तसंच छापणार होते. पण हा आलेख बघा, काका. नळीत काय शिल्लक राहिलंय ते त्या वेळच्या यंत्राने काढून दिलंय. सांधा वाईट असता तर इथे हवा दिसली असती. ही हवा नाही, तेल आहे. पंपाचंही नाही, मी ताडून पाहिलं."

हरिश्चंद्र बांधावरच बसले. चिमूटभर तर होतं ते! एवढे साहेब, एवढे भिंगवाले, कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. यंत्राने मात्र ओळखलं, कागदावर उतरवलं, आणि तो कागद चव्वेचाळीस वर्षं फाइलीत पडून राहिला. जी नळी आपल्या हातांनी घडवली, तिलाच फसवायला निघालो होतो, असं त्यांना वाटलं.

"खोबरेल आहे ते, पोरी," ते म्हणाले.

त्या वर्षी खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं होतं, लेथला झेंडूची माळ घातली होती. नळीला मात्र हात लावायचा नाही, असा साहेबांचा हुकूम. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच कोरडी ठेवायची? हरिश्चंद्रांच्या मनाला काही ते पटेना. कुंकू सांडू नये म्हणून त्यांनी ते खोबरेलात कालवलं, नळीच्या तोंडावरचा चंदेरी कागद उचलला आणि आतल्या कडेला बोट टेकवलं. बाहेर लावलं तर साहेबांना दिसेल, देवाला काय, आतलंही दिसतं! शहाणपण बघा माणसाचं.

"सांधा कापल्यावर नळी पुसायचं काम माझ्याकडेच आलं," ते सांगू लागले. "पांढऱ्या फडक्यावर लाल डाग उमटला. फडकं मी खिशात घातलं. नळी पुसली म्हणून हवा निघाली, आणि नाव झालं नव्या वेल्डिंगचं. ऑगस्टीनला बाहेरच्या शेडमध्ये टाकलं, जिने आणि जाळ्या जोडायला. लग्न ठरलं होतं गं माझं. नोकरी जाईल म्हणून मूग गिळून बसलो."

"कुठे असतात ते?"

"नंदाखालला. रिक्षाने दहा मिनिटं. बाजारात दिसला तर मी गल्ली बदलतो."

ज्ञानदाने कागदाची घडी घातली. "पुस्तकात मी आज बदल करीन. पण त्यांना तुम्ही सांगायचं, काका. आत्ता."

दोघं नंदाखालला पोहोचले तेव्हा ऑगस्टीन घराच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. "हरी? वाट चुकलास की काय!" म्हणत हसत उठले. हरिश्चंद्र बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. कुंकू, फडकं, लग्न, काहीही राखून ठेवलं नाही.

ऑगस्टीनचा चेहरा लाल झाला. "मला वाटायचं माझा हात चुकला! रिटायर होईपर्यंत एकेक सांधा तीनतीनदा तपासला मी. जिन्याचा कठडासुद्धा! स्वतःच्या हाताचा भरवसा गेला माझा, आणि तू तिकडे वटारला केळी पिकवत बसलास?"

ज्ञानदाने पुढे होऊन आलेख ऑगस्टीनच्या हातात दिला आणि त्यातल्या रेषा समजावल्या. त्यांनी एका रेषेवरून अंगठा फिरवला. "म्हणजे सांधा पक्का होता?"

"पक्का होता, अंकल."

"ज्युली!" त्यांनी आत हाक मारली. "ऐकलंस का गं? पक्का होता!"

बायको पदराला हात पुसत दारात आली. "मी कधी नाही म्हटलं होतं?" एवढंच बोलली आणि तिला रडू फुटलं.

मग ऑगस्टीनने हरिश्चंद्रांना विचारलं, "पहिल्यांदा कण पळाले तेव्हा तुम्हा सगळ्यांना आत बोलावलं होतं. मी बाहेर जाळी जोडत होतो. टाळ्या ऐकल्या नुसत्या. आत काय दिसलं रे?"

लग्नकार्यात ही गोष्ट हरिश्चंद्रांनी शंभरदा रंगवून सांगितली होती. आता रंग न चढवता सांगितली. "ठिपका. हिरवा, तिळाएवढा. पडद्यावर आला, जरा थरथरला, आणि राहिला. एवढं लोखंड, एवढी वर्षं, एवढी माणसं, आणि तेवढासा उजेड! डोळ्यांना दिसू नये ते कण आपल्या नळीतून धावत आले होते रे. छातीत मावेना. टाळ्या वाजवायला हात उचलले आणि बाजूला बघितलं, तर तू नव्हतास. माझे हात तसेच राहिले."

ऑगस्टीनने पायाने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "माफ केलं असं समजू नकोस," ते म्हणाले. "बस. पहिल्यापासून सांग, आणि हळू सांग."