वीस खोल्यांच्या वाकळा

राजारामपुरीत दानेश्वरीनं बुटीक काढलं त्याला तीन वर्षं होत आली होती. इरकलीचे कुर्ते, खणाची जाकिटं ती स्वतः बेतायची आणि एक नमुना दोनदा शिवायची नाही. घर सजवायच्या वस्तूही ती ठेवायची. त्यात गडमुडशिंगी गावच्या धोंडुबाईंच्या वाकळा असायच्या, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून हातानं शिवलेल्या गोधड्या. पहिली वाकळ तिनं भिंतीवर लावली तेव्हा शेजारचे दुकानदार हसले होते. तिनं ती काढली नाही.

२००१च्या दिवाळीआधी हंबीरराव सुनेसाठी जाकीट घ्यायला आले. राधानगरीला धरणाजवळ त्यांचं हॉटेल बांधून होत आलं होतं. जाकीट राहिलं बाजूला, ते वाकळेसमोरच उभे राहिले.

"ताई, अशा वीस पायजेत. वीस खोल्या हायत. पर सगळ्या बरोब्बर अशाच."

एवढी मोठी ऑर्डर तिला कधीच मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची वाकळ घेऊन ती गडमुडशिंगीत हजर झाली.

"अशीच दुसरी?" धोंडुबाई म्हणाल्या. "ही लुगडी बोहारणीकडची. पुन्हा तीच कुठनं गावायची?"

दानेश्वरीनं नव्या कापडाचे तागे आणून दिले. पंधरवड्यात धोंडुबाईंनी दोन वाकळा शिवल्या. टाके सरळ, रंग तंतोतंत. पण हाताला त्या ताठर लागत होत्या आणि नजर कुठं थांबतच नव्हती.

"केल्या बघा," धोंडुबाई म्हणाल्या. "पर माझ्या हायत म्हणून कुणाला सांगू नगा."

दानेश्वरीला स्वतःचीच लाज वाटली. कुर्त्याचा नमुना आपण दोनदा शिवत नाही आणि मावशींना वीसदा शिवायला सांगतो? तिनं तागे परत गाडीत टाकले. धोंडुबाईंकडच्या पाच जुन्या, वेगवेगळ्या वाकळा घेतल्या. "चला मावशी, हॉटेल बघून येऊ."

हंबीररावांच्या पाच खोल्यांत तिनं पाच वाकळा अंथरल्या.

"ताई, ह्या सारख्या न्हाईत की," ते म्हणाले. "पावणं काय म्हणतील?"

"सारख्या हव्या असतील तर कारखान्यात मिळतील, दादा. स्वस्तही पडतील. माझ्याकडं एकीसारखी दुसरी मिळणार नाही. महिनाभर पाच खोल्यांत ठेवा. नाही पटलं तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन."

हंबीररावांनी धोंडुबाईंकडं पाहिलं. त्या पलंगावरची सुरकुती काढण्यात गुंतल्या होत्या.

"ठेवा," ते म्हणाले.

हॉटेल सुरू झालं आणि महिना व्हायच्या आतच दुकानातला फोन वाजला.

"ताई, पुण्याचं पावणं दुसऱ्यांदा आलं आन् हिरव्या वाकळंचीच खोली मागाय लागलं. उरलेल्या पंधरा कधी देताय?"

"पाच महिने लागतील."

"पाच? आवो, हंगाम जाईल की!"

"हातानं शिवायच्या आहेत, दादा. पाचच."

मग हंबीरराव म्हणाले, "बरं. पर हिरवी आणखी एक न्हाई ना व्हायची?"

"नाही," दानेश्वरी म्हणाली, आणि पंधरा वाकळांची ऑर्डर लिहून घेतली.