नोंद न झालेली रबरी रिंग

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे, पण मला आजवर कोणी वाजवलेले नाही. मी जाड काचेची आहे आणि एका पोलादी तबकडीवर पालथी बसते. खालचा पंप माझ्या पोटातली हवा ओढून घेतो. मग नखाएवढ्या धातूच्या बोटीत, म्हणजे लांबट वाटीत, ठेवलेले कथील तापते, त्याची वाफ होते आणि वर टांगलेल्या काचपट्ट्यांवर तिचा थर बसतो. तुमच्या एका केसाच्या जाडीत असे पाचशे थर मावतील. इतक्या पातळ थरात पदार्थाला आत लपायला फारशी जागा उरत नाही. त्याचा बराच भाग पृष्ठभागाजवळ असतो, म्हणून बाहेरच्या जराशा बदलानेही त्याच्यातून वाहणारी वीज कमीजास्त होते.

नवी होते तेव्हा विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत पाहुण्यांना आधी माझ्याकडे आणत. पुढे शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले आणि मला हात धुण्याच्या बेसिनजवळ सरकवण्यात आले. माझ्याकडे कोणी फिरकत नसे. फक्त यंत्रे सांभाळणारे मिस्त्रीकाका येता-जाता माझी काच पुसत.

मग संशोधन करायला ती आली. काचपट्टीला कोणी बोट लावले की ती ओरडे, "चिमटा! चिमट्याने धरा!" त्यामुळे सगळे तिला चिमटीताई म्हणत. तिचे वडील बर्फाच्या कारखान्यात होते. एका दुपारी तिथे अमोनिया वायू गळला आणि तेव्हापासून त्यांना दहा पायऱ्या चढल्या तरी थांबावे लागे. नाकाला कळण्याआधी अमोनिया ओळखणारा थर तिला बनवायचा होता.

आता माझे गुपित सांगते. माझ्या काठाखाली हवा अडवणारी एक रबरी रिंग होती. भिंतीच्या बाजूला तिला बारीक चीर पडली होती. तिथून हवेचा एक धागा आत येई. दाबाचा काटा पंपाच्या तोंडाशी असल्याने त्याला याचा पत्ता नव्हता. कथिलाची वाफ त्या हवेवर आपटत, अडखळत वर जाई आणि पट्टीवर बारीक कणांत, सैल बसे. थर राखेसारखा मळकट दिसे. तो भट्टीत भाजला की कथिलाचा ऑक्साइड होई, पण कणांमधल्या फटी तशाच राहत, आणि त्या फटींतून अमोनिया आत शिरू शके.

सहाव्या पट्टीसमोर अमोनिया सोडताच मीटरचा आकडा उसळला.

"काका, बघा, बघा! हिला वास येतोय!"

"मग आता हिला सर्दी होऊ देऊ नकोस," काका म्हणाले.

तिचे मार्गदर्शक सर मात्र हसले नाहीत. "एका पट्टीवर पदवी मिळत नाही. अशाच आणखी दहा करून दाखव. हातात वर्षभर आहे."

त्याच आठवड्यात वडिलांना दवाखान्यात ठेवावे लागले आणि ती तीन आठवडे घरी गेली. काकांनी मला उघडले. "पोरगी येईल तेव्हा म्हातारीला धाप लागायला नको," असे पुटपुटत त्यांनी रिंग बदलली. जुनी रिंग कपाटामागे पडली. नवी त्यांनी शेजारच्या यंत्राच्या खोक्यातून न विचारता उचलली होती. विचारले असते तर मिळाली नसती. माझ्यात बनवलेली प्रत्येक पट्टी आणि माझ्यात केलेला प्रत्येक बदल लिहिण्यासाठी एक नोंदवही माझ्या पायाला दोऱ्याने बांधलेली असते. त्या दिवशी काकांनी ती उघडलीच नाही.

ती परतली. हवा उपसायला नेहमीपेक्षा अर्धा तास कमी लागला. "म्हातारी आज खुशीत दिसतेय!" ती म्हणाली. पट्ट्या आरशासारख्या लखलखीत निघाल्या. सगळ्यांनी वाहवा केली. पण त्या थरात कण दाटीवाटीने बसले होते, फट म्हणून उरली नव्हती. भाजून झाल्यावर समोर अमोनिया सोडला, तर आकडा जागचा हलला नाही.

तिने कथील बदलले, काच बदलली, भट्टीचे तापमान बदलले. अकरा महिने गेले. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली. एकदा तिने काकांना विचारले, "काका, मी नव्हते तेव्हा हिला काही केलं होतं का?"

काकांनी शेजारच्या खोलीच्या दाराकडे पाहिले. "छे गं! फक्त पुसली होती."

चांगल्या रिंगने कुणाचे काय बिघडणार, असे त्यांना वाटले असावे. मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते.

"तो पहिला आकडा चुकून आला असेल," सर म्हणाले. मुदत संपली. सहावी पट्टीही तोवर जुनी होऊन मंदावली होती. शेवटच्या दिवशी तिने ती माझ्याजवळ ठेवली आणि म्हणाली, "आता बाबांना काय सांगू?" तिथे मीच होते.

त्याला दोन वर्षे झाली. आज मला भंगारात द्यायचे ठरले आहे. वाट मोकळी करायला काकांनी कपाट सरकवले आणि धूळ बसलेली रिंग त्यांच्या हाती आली. सवयीने त्यांनी ती ताणून पाहिली. चीर उघडली आणि तिच्यातून खिडकीचा उजेड दिसला. काका तसेच खाली बसले.

"इथून हवा यायची," ते हळूच म्हणाले. "आणि पोरीने विचारलं होतं मला."

उठून त्यांनी माझी नोंदवही उघडली, तिच्या अक्षरातले सहाव्या पट्टीचे पान शोधले आणि खाली लिहिले: 'रिंग बदलली. जुनीला चीर होती. हिने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो.' मग दोरा तोडून वही आणि रिंग पिशवीत घातली. "पत्ता ऑफिसात मिळेल," असे म्हणत ते गेले. वही तिच्यापर्यंत पोचेल का, आणि पोचली तरी ती पुन्हा चिमटा हातात घेईल का, हे कळायला मी इथे नसेन. गाडी दाराशी लागली आहे.

मित्रांनो, आम्हाला पुसत जा, तेलपाणी करत जा. त्याने बरे वाटतेच. पण आमच्यात मायेने काही बदललेत, तरी ते लिहून ठेवा. आणि कोणी विचारलेच, तर खरे सांगा. आम्हाला ते सांगता येत नाही.