नदी गडप होते तिथून पुढे

लॉजच्या मालकिणीला सगळेच काकू म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, दूधवाला म्हणे, एवढंच काय, वयानं त्यांच्याहून मोठा असलेला प्लंबरसुद्धा म्हणे. लॉज मोठ्या रस्त्याला लागून होतं आणि त्याचा सगळा धंदा एका तलावावर चाले. तो तलाव डोंगरापलीकडे होता, तिथं जाणारी माणसं इथं रात्रीपुरती पाठ टेकत. संध्याकाळी यायची, गरम पाणी किती वाजता येतं ते विचारायची आणि सकाळी किल्ली टेबलावर ठेवून चालू लागायची. लॉजच्या प्रत्येक खोलीत फोटो लावलेला, तोही त्या तलावाचाच.

कुणी चुकूनमाकून विचारलंच की इथं जवळपास बघण्यासारखं काय आहे, तर गल्ल्यावर बसलेले काकूंचे यजमान मान वर न करता सांगत, "इथं काही नाही. तुम्ही तलाव बघा." ते खोटं बोलत नसत, त्यांना मनापासून तसंच वाटे. जन्म याच गावात गेला, पण लॉज, बाजार आणि बँक या पलीकडे त्यांची पावलं कधी वळली नव्हती. काकूंच्या मात्र कपाळावर आठी उमटे. लग्न होऊन आल्यापासून दुपारी लॉज रिकामं झालं, चादरी वाळत घातल्या, की त्या पायात बूट चढवून रानात निघत. आसपासची एक टेकडी त्यांनी सोडली नव्हती.

त्या दिवशी पहाटे घाटात दरड कोसळली. तलावाचा रस्ता बंद झाला आणि लॉजमधली चार माणसं अडकून पडली. एक निवृत्त इंजिनिअर आणि त्यांची बायको, आणि सुट्टी काढून आलेल्या दोन नर्स. एक उंच, एक ठेंगणी. रस्ता उद्याशिवाय मोकळा होत नाही असं कळल्यावर इंजिनिअरसाहेबांनी व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. दर फेरीला ते घड्याळात बघत, जणू दरडीनं त्यांना वेळ दिली होती. ठेंगणी नर्स उंच नर्सला ऐकवत होती की समुद्रावर जाऊ म्हटलं होतं तर तू ऐकलं नाहीस. शेवटी इंजिनिअरांच्या बायकोनं गल्ल्याशी जाऊन तो नेहमीचा प्रश्न विचारला.

यजमान नेहमीचं उत्तर देणार तोच काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"इथं नदी गडप होते," त्या म्हणाल्या. "आख्खी नदी. बघायचीय?"

येरझाऱ्या थांबल्या.

काकूंनी मग सांगितलं ते असं. गावामागच्या टेकडीला एक लहानशी नदी येऊन भिडते. वळत नाही, फिरत नाही, सरळ एका कपारीत शिरते आणि दिसेनाशी होते. त्या जागेला गावात नुसतं गडप म्हणतात. गुरं राखणारे सोडले तर तिकडे कुणी फिरकत नाही. आणि टेकडीच्या पलीकडच्या अंगाला एक झरा आहे, तिथं ती परत बाहेर येते.

"हे कुणी सांगितलं?" इंजिनिअरांनी विचारलं.

"मी सांगतेय," काकू म्हणाल्या. "झऱ्याचं पाणी तितकंच थंड, तितकंच गोड. दुसरीकडून येणार कुठून?"

साहेबांनी ओठ मुडपले. चवीवरून नदी ओळखायची रीत त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती. पण व्हरांड्यापेक्षा हे बरं, असा विचार करून तेही तयार झाले.

गाडी काकूंच्या दिराची होती. त्याला गावात सरळभाऊ म्हणत, कारण कुठलाही रस्ता विचारला तरी तो हात पुढे करून "सरळ जा" एवढंच सांगे. एरवी तो व्हॅनमधून फळं वाहायचा. आज दरडीमुळे त्याचाही माल अडकला होता आणि मागच्या बाजूला संत्र्यांचं एक पोतं मऊ पडून राहिलं होतं. त्यावर चादर टाकून नर्सना बसायला जागा केली. यजमान म्हणाले, मी लॉज सांभाळतो, तुम्ही जा. त्यांनी हेही विचारलं की जेवायला परत याल ना, कारण तिथं बघून बघून किती वेळ बघणार.

गाडी टेकडीच्या पायथ्याशी सोडून पुढे चालत जायचं होतं. इंजिनिअरांच्या बायकोचा गुडघा दुखरा होता, पण तिनं नवऱ्याचा हात धरला नाही, सरळभाऊकडून काठी घेतली आणि सगळ्यांच्या पुढे निघाली. झुडपं बाजूला सारून मंडळी कड्याखाली पोचली.

नदी खळाळत येत होती आणि समोर उभा कातळ होता. कातळाच्या बुडाशी आडवी फट होती, माणूस ओणवा होऊन शिरेल एवढी. पाणी तिथवर येताना जरा गोल फिरे, आणि मग कुणी खालून ओढून घ्यावं तसं आत जाई. फटीतून गार वारा तोंडावर येत होता. उंच नर्स खाली वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की जिवंत काहीतरी घोट घेतंय असं वाटतंय.

इंजिनिअर एव्हाना बूट काढून पाण्यात उतरले होते. घड्याळाची त्यांना आठवणही राहिली नव्हती. जागा फार सुंदर आहे, हे त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं. पण झऱ्याचं पाणी हेच, याला पुरावा काय? पाण्यात काहीतरी सोडून पलीकडे निघतं का बघायला हवं. रंग नको, गुरं पितात. तरंगणारं काहीतरी पाहिजे, आणि आत राहिलं तरी कुजून जाणारं.

सगळ्यांच्या माना एकदमच सरळभाऊकडे वळल्या.

"माझी संत्री?" तो म्हणाला.

"मऊ पडलीत ती, भाऊजी," काकू म्हणाल्या. "बाजारात कुणी हात लावणार नाही. निदान नदीच्या तरी कामी येतील."

सरळभाऊ कुरकुरत गेला आणि पोतं पाठीवर मारून आला. संत्री पाण्यात ओतली. ती केशरी रांग डुलत डुलत कातळापाशी गेली, एक गिरकी घेतली आणि एकेक करून आत गुडुप झाली. ठेंगणी नर्स लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. काकू पदर खोचून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, चला आता झऱ्यावर, संत्री आपल्या आधी पोचतील.

टेकडीला वळसा घालून मंडळी झऱ्याशी आली. झरा तसा बेताचा, दगडाच्या बेचक्यातून येणारं मनगटाएवढं पाणी. सगळे भोवती बसले. वाट बघता बघता डब्यातलं खाणं संपलं, उन्हं कलायला लागली, साहेबांची एक डुलकीही झाली. संत्र्याचा पत्ता नव्हता. साल नाही की बी नाही. सरळभाऊनं मधूनच झऱ्याला हाक मारून बघितली.

मग साहेबांनी, काकूंना वाईट वाटू नये अशा बेतानं, सांगितलं की एवढ्या नदीचं पाणी एवढंसं बाहेर येईल हेच मुळात कठीण. हा झरा टेकडीचा स्वतःचा असणार.

काकू झऱ्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या गावात प्रत्येकाला हेच सांगत आल्या होत्या, पैजा लावून. मग त्या उठल्या, साडी झटकली.

"बरं, इथून नाही," त्या म्हणाल्या. "पण टेकडीनं नदी पिऊन तर टाकली नाही ना? कुठून तरी निघत असेलच. शोधू."

शोधायचं कुठे, यावर चर्चा सुरू झाली. साहेब काठीनं मातीत उतार काढून दाखवू लागले. सरळभाऊचं मत सरळ घरी जावं असं होतं. या गडबडीत ठेंगणी नर्स आडोसा शोधत खालच्या झाडीत गेली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती परत आली तेव्हा तिचे गुडघे चिखलानं भरले होते, ओढणी काट्यात अडकून फाटली होती आणि हातात एक ओलंचिंब संत्रं होतं.

"खाली मोठा ओहोळ आहे," ती धापा टाकत म्हणाली. "त्यात वाहत आलं."

त्यानंतर कुणी कुणासाठी थांबलं नाही. झाडी दाट होती, वर काटे आणि खाली निसरडं. काकू सगळ्यात पुढे. बरोबर आणलेल्या विळ्यानं फांद्या तोडत, मागच्यांना पाय कुठे ठेवायचा ते सांगत त्या ओहोळाच्या कडेनं वर सरकत होत्या. ही घळ त्यांनी वरून शंभरदा पाहिली होती. वरून ती नुसती काटेरी झुडपांची रेघ दिसे, म्हणून खाली उतरावंसं कधी वाटलं नव्हतं. एका वळणावर त्यांनी शेवटची फांदी बाजूला केली आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

समोर डोह होता. तिन्ही बाजूंनी कातळ, कातळावर हिरवंगार शेवाळ आणि नेच्याची पानं. एका बाजूला काळोखी गुहा, तिच्यातून नदी संथपणे बाहेर येत होती. पाणी इतकं नितळ की तळातले दगड हाताला लागतील असं वाटावं. कपारीतून पाकोळी पक्षी सूं करून सुटत, पाण्यावरून जात आणि परत आत शिरत. आणि डोहाच्या मध्यावर सरळभाऊची संत्री गोल गोल फिरत होती, जशी काही फिरायलाच आली होती.

सगळ्यात मागून इंजिनिअरांची बायको पोचली. तिनं चपला काढल्या, दगडावर बसून पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले.

"तलाव राहू दे आता," थोड्या वेळानं ती नवऱ्याला म्हणाली. "उद्याही मला इथंच यायचंय."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी तोंडावर डोहाचं पाणी मारून घेतलं. आपलं चुकलं याचं त्यांना आता काहीच वाटत नव्हतं. झऱ्यावर संत्रं निघालं असतं तर त्या घरी जाऊन जेवल्या असत्या आणि हा डोह पाकोळ्यांनाच ठाऊक राहिला असता.

"वहिनी, चवीला कसं आहे पाणी?" सरळभाऊनं विचारलं.

"तितकंच गोड," काकू म्हणाल्या, आणि साहेबसुद्धा मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला. नर्स तलावाला गेल्या, पण जाण्याआधी पहाटे एकदा डोहावर डोकावून आल्या. साहेब आणि त्यांची बायको राहिली. काकूंनी त्या दिवशी यजमानांनाही बरोबर घेतलं. विचारलं नाही, लॉजच्या दाराला कडी घातली आणि त्यांच्यासमोर बूट आणून ठेवले. घळीत ते दोनदा घसरले, एकदा बायकोच्या नावानं बोटं मोडली, आणि डोहाशी पोचल्यावर टोपी काढून पाण्याकडे बघत उभे राहिले.

काकू मात्र टॉर्च घेऊन गुहेच्या तोंडाशी पाण्यात उतरल्या. कमरेइतक्या पाण्यात त्या जरा आत गेल्या, टॉर्च विझवून उभ्या राहिल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता.

"आत पाणी कोसळतंय," त्या म्हणाल्या. "चांगलं मोठं. आवाज छातीत घुमतो. आत धबधबा आहे."

साहेबांनी ठाम सांगितलं की दोराशिवाय आणि गुहेत शिरायची सवय असलेल्या माणसाशिवाय एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. काकूंनी ते मान्य केलं. अशी माणसं कुठे मिळतात एवढंच त्यांनी विचारलं. साहेबांच्या ओळखीत एक होता, फोन लावायला ते वर टेकडीवर निघाले, कारण घळीत रेंज नव्हती.

यजमान अजून पाण्याकडेच बघत होते. मग ते वाकून पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडू लागले.

"अगं," ते म्हणाले, "तो आवाज मलाही ऐकायचाय. हात दे."

काकूंनी हात पुढे केला.